शुक्रवारची दुपार रिकामी

आम्ही सार्वजनिक बागा आणि मैदानं सांभाळतो. आमच्या कार्यालयात भिंतीवर एक मोठा पांढरा फळा आहे. डावीकडे कामगारांच्या चार टोळ्या, वर सोमवार ते शनिवार. प्रत्येक चौकोनात जागेचं नाव, माणसं, यंत्रं आणि लागणारे तास लिहिलेले असतात. शुक्रवार दुपारचे चारही चौकोन मात्र कोरे असतात. नवीन रुजू झालेला माणूस पहिल्या आठवड्यातच विचारतो, "ताई, इथं काही लिहायचं राहिलंय का?" राहिलेलं नसतं. ते चौकोन कोरे ठेवण्याइतकं शहाणपण यायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

सुरुवातीला एकच टोळी होती. पाच माणसं, एक टेम्पो, दोन लॉनमोअर (मोकळ्या जागेतलं गवत कापायची यंत्रं), दोन ब्रशकटर (काठाचं गवत कापायची हातात धरायची यंत्रं), बाकी खुरपी, फावडी आणि झाडू. सार्वजनिक बागा, खेळाची मैदानं, रस्त्यांचे दुभाजक, सरकारी आवारं अशी कामं निविदा भरून घ्यायची आणि सांभाळायची. नियोजन असं काही नव्हतंच. सकाळी साडेसहाला मुकादम विचारायचे, "आज कुठं जायचं?" आणि आदल्या दिवशी ज्याचा फोन आला असेल त्या जागेचं नाव मी सांगायचे. ज्याचा फोन आधी, त्याचं काम आधी. दिवसभर सगळे घाम गाळायचे आणि महिन्याच्या शेवटी कुठली तरी बाग महिनाभर कुणी पाहिलीच नाही, हे तक्रार आल्यावर कळायचं.

दुसरं मोठं काम मिळालं ते दुभाजकांचं, आणि त्यानं आम्हाला जवळजवळ बुडवलं. मी दर लावला होता क्षेत्रफळावर. आमच्याकडे १०,००० चौरस मीटरचं एक चौकोनी मैदान होतं, त्याचे तास पाठ झाले होते. दुभाजक २ मीटर रुंद आणि ५ किलोमीटर लांब, म्हणजे क्षेत्रफळ तेवढंच, १०,००० चौरस मीटर. मग वेळही तेवढाच, असा सरळ हिशेब मी केला. मैदानाला जेवढा वेळ लागायचा तेवढ्या वेळात टोळी दुभाजकाच्या पाव भागापर्यंतही पोहोचली नाही. मला वाटलं माणसं रेंगाळतायत. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले, सकाळपासून त्यांच्याबरोबर चालले, आणि दुपारपर्यंत माझी चूक मला समजली. मैदानाच्या चारी बाजू मिळून कड भरते ४०० मीटर. दुभाजकाला दोन्ही बाजूंनी कड, म्हणजे १० किलोमीटर. क्षेत्र सारखं आणि कड पंचवीसपट! लॉनमोअर मोकळ्या जागेत सरसर चालतो. वेळ खातं ते काठाचं काम: दगडाला लागून वाढलेलं गवत ब्रशकटरनं काढणं, खांबांभोवती हातानं खुरपणं, रस्त्यावर उडालेलं झाडून घेणं. शिवाय वाहतुकीमुळे एक माणूस नुसता झेंडी घेऊन उभा ठेवावा लागतो. तो गवताची एक काडी कापत नाही, पण त्याच्याशिवाय काम सुरूच करता येत नाही. तेव्हापासून नवीन जागा घेताना आम्ही टेपनं कड वेगळी मोजतो, झाडं आणि खांब मोजतो, बाक मोजतो. क्षेत्रफळ शेवटी.

तासांचा दुसरा हिशेबही असाच अनुभवातून शिकलो. टेम्पो एका जागेवरून दुसरीकडे जायला ४० मिनिटं लागली की मी वहीत ४० मिनिटं लिहायचे. पण टेम्पोत पाच माणसं बसलेली असतात. ४० मिनिटं गुणिले ५ म्हणजे २०० मिनिटं, माणसाचे ३ तास २० मिनिटं. यंत्रं चढवणं-उतरवणं, पेट्रोल भरणं, दोरी बांधणं याला दर ठिकाणी पंधरा मिनिटं धरली आणि दिवसात पाच जागा केल्या, तर पाच माणसांची मिळून ३७५ मिनिटं, म्हणजे सव्वासहा तास. एका माणसाची जवळजवळ अख्खी पाळी नुसती चढ-उतारात जाते. हे गणित कागदावर मांडलं त्या रात्री मला झोप लागली नाही. लोकांच्या मेहनतीचे एवढे तास मी नुसते रस्त्यावर सांडत होते.

मग सगळ्या जागांचे पट्टे पाडले. एका टोळीला एक पट्टा, आणि एका दिवशी एकमेकांना लागून असलेल्या जागाच घ्यायच्या. त्या सुमारास ओळखीच्या एका संगणक अभियंत्यानं रस्त्यांचा क्रम काढून देणारा एक संगणकाचा प्रोग्राम आणून दिला. त्यानं सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. दहा जागा असतील तर त्या फिरण्याचे क्रम ३६,२८,८०० होतात. पेट्रोल पंपांना इंधन पोहोचवणाऱ्या ट्रकांचा असाच प्रश्न जॉर्ज डान्झिग आणि जॉन रॅमसर यांनी १९५९ मध्ये मांडला, आणि जगभरचे लोक अजून त्यावर काम करतायत. म्हणजे माझं डोकं गरगरायचं त्यात नवल नव्हतं.

प्रोग्रामनं काढलेला मार्ग खरंच कमी अंतराचा होता. पण पहिल्याच आठवड्यात मुकादमांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. "हे खेळाचं मैदान दुपारी चारला दिलंय. तेव्हा पोरं खेळत असतात, ब्रशकटर चालवायचा कसा? त्याचा दगड उडाला तर पंधरा मीटरवरच्या माणसालाही लागतो. हा दुभाजक साडेनऊला, ऐन गर्दीत. आणि ही बाग सकाळी सातला, सावलीतलं गवत दवानं ओलं असतं, गोळे होऊन यंत्राखाली अडकतं." त्यांचं एकही म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही बसून प्रत्येक जागेपुढे तिची वेळ लिहिली: कुठली पहाटेच करायची, कुठली ऊन पडल्यावर, कुठली मुलांच्या शाळेच्या वेळात. अंतर थोडं वाढलं, पण माघारी फिरणं थांबलं. आठवड्यात कुठल्या जागा करायच्या हे आजही मी ठरवते. त्या दिवशी कुठल्या क्रमानं, हे मुकादम ठरवतात, आणि त्यात मी बोलत नाही.

आता गवताबद्दल. करारनाम्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, "दर पंधरा दिवसांनी कापणी." गवत तारीख बघून वाढत नाही. उष्ण हवेतली गवतं साधारण २७ ते ३५ अंश तापमानात जोमानं वाढतात, थंड हवेतली १५ ते २४ अंशांत, आणि दोन्हींना ओल लागते. पावसाच्या दिवसांत पंधरा दिवसांत गुडघ्याला लागणारं गवत कोरड्या महिन्यांत त्याच पंधरा दिवसांत बोटभरही वर येत नाही. तरी आम्ही पहिली काही वर्षं तारखेला चिकटून राहिलो. कोरड्या दिवसांत टोळी जायची आणि धूळ उडवून यायची. पावसात तीच टोळी गुडघाभर गवताशी झगडायची, यंत्र सारखं बंद पडायचं, आणि एवढं गवत एका दमात कापल्यामुळे मैदान पिवळं पडायचं. माळीकामात जुना नियम आहे की एका कापणीत गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढू नये. गवत ५ सेंटिमीटर ठेवायचं असेल तर ते साडेसात सेंटिमीटरला पोहोचलं की कापायला हवं.

यावर उपाय मुकादमांनीच काढला. लाकडाची एक पट्टी घेतली, तिच्यावर ५ आणि ७.५ या दोन खुणा लाल रंगानं केल्या, आणि प्रत्येक टोळीला एक दिली. जाता-येता जागा दिसली की पट्टी तीन ठिकाणी टेकवायची आणि आकडा मला कळवायचा. वर्षभर सगळे आकडे एका वहीत लिहिले. त्या वहीवरून पुढच्या वर्षीच्या फेऱ्या ठरवल्या: वर्षाच्या एकूण कापण्या करारात होत्या तितक्याच, फक्त वाढीच्या महिन्यांत दाट आणि कोरड्या महिन्यांत विरळ. वही घेऊन अधिकाऱ्यांपुढे बसले तेव्हा त्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग पानं उलटली आणि लेखी मान्यता दिली. मोकळे झालेले कोरड्या दिवसांतले तास आम्ही छाटणी, वाफ्यांची भर आणि यंत्रांच्या दुरुस्तीला दिले. पात्यांना धार लावणं हे तोवर "वेळ मिळाला की" या सदरात होतं. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि दोन दिवसांत शेंडे पांढुरके दिसायला लागतात. आता धार हे फळ्यावरचं काम आहे, त्याला तास दिलेले आहेत.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि तिचं मला वाईट वाटतं. आमचा एक माणूस ब्रशकटर उत्तम चालवायचा, म्हणून सगळं काठाचं काम त्याच्याकडेच जायचं. एका थंड सकाळी हजेरीच्या वेळी पाहिलं, त्याला शर्टाचं वरचं बटण लावता येईना. बोटांची टोकं पांढरी पडली होती. "होतं असं, ताई, थोड्या वेळानं जातं," असं म्हणून तो यंत्राकडे वळला. मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. कंपनामुळे बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. नंतर मी वाचलं. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात हाताला बसणाऱ्या कंपनाची आठ तासांच्या दिवसाची कमाल मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी आहे, आणि २.५ पासूनच मालकानं उपाय सुरू करायचे आहेत. यंत्राचं कंपन १० असेल तर कमाल मर्यादा दोन तासांतच गाठली जाते. आम्ही त्याला दिवसाचे पाच-सहा तास देत होतो. आता अर्ध्या तासानं यंत्र हात बदलतं, आणि फळ्यावर ब्रशकटरपुढे नेहमी दोन नावं असतात. म्हणजे प्रत्येक टोळीत दोघांना ते नीट चालवता आलं पाहिजे, म्हणून शिकवण्याचे तासही धरावे लागले. तो माणूस आज नव्या मुलांना शिकवतो. ब्रशकटर त्याच्या हातात फारसा देत नाही.

आणि शुक्रवार. पूर्वी माझा आठवडा शेवटच्या तासापर्यंत भरलेला असायचा. मग गुरुवारी पाऊस यायचा, किंवा फोन यायचा, "परवा मैदानावर समारंभ आहे, आजच्या आज करा." एक टोळी उचलून तिकडे पाठवायची, तिची जागा मागे पडायची, ती भरायला दुसरीची माणसं काढायची, आणि पुढचे तीन आठवडे प्रत्येक जागा दोन दिवस उशिरा. एका पावसाळ्यात असं घसरत घसरत एका बागेची कापणी इतकी लांबली की आम्हाला दंड भरावा लागला. तो रास्त होता. लोकांना मुलं घेऊन बसायला जागा राहिली नव्हती.

त्यानंतर मी प्रत्येक टोळीचा अर्धा दिवस मोकळा सोडला. पगार चालू आणि काम नाही, हे पहिल्यांदा माझ्याच मनाला पटत नव्हतं. पण ती दुपार क्वचितच खरी रिकामी जाते. पावसानं अडवलेली जागा तिथं बसते, तातडीचा फोन तिथं बसतो, पडलेली फांदी तिथं उचलली जाते. काहीच आलं नाही तर यंत्रं धुवून, तेल बघून माणसं लवकर घरी जातात. उशीर झाला तरी तो त्याच आठवड्यात मिटतो, सोमवारचा फळा पुन्हा स्वच्छ सुरू होतो.

या आठवड्यात एका नव्या उद्यानाची निविदा भरायची आहे. काल मुकादम आणि मी टेप घेऊन गेलो होतो. कड १,१४० मीटर भरली, झाडं ८६, बाक २२. परतताना त्यांनी तळ्याकाठच्या उतारावर पाय रोवून पाहिला आणि म्हणाले, "इथं यंत्र घसरेल, हातानं करावं लागेल, दोन तास जास्त धरा." मी धरले.