दुपारच्या उन्हात पाणी वाहणाऱ्या गांधीलमाश्या

आमच्या पुण्यातल्या घराच्या पूर्वेकडील गॅलरीत, छताच्या कोपऱ्यात, बारीक कमरेच्या तपकिरी गांधीलमाश्यांचे पोळे होते आणि जानेवारीपासून मेअखेरपर्यंत मी ते रोज पाहत होते. थंडीत सकाळी सात वाजता साऱ्या माश्या पोळ्याला चिकटून निश्चल बसलेल्या असत. बसलेल्या माशीच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेनुसार आणि उन्हानुसार बदलते, आणि छातीतले उडण्याचे स्नायू पुरेसे तापल्याशिवाय तिला झेप घेता येत नाही. त्यामुळे कोवळे ऊन भिंतीवरून सरकत पोळ्यापर्यंत पोहोचले की मगच पहिली माशी बाहेर पडे. एप्रिलमध्ये मात्र त्याच वेळी त्यांची ये-जा जोरात चाललेली असे.

खरा बदल भर दुपारी दिसे. या पोळ्याला आवरण नसते, सगळी घरे खाली तोंड करून उघडी असतात, त्यामुळे उन्हाची झळ थेट अळ्यांना लागते. पारा चढला की माश्या शिकार सोडून मोगऱ्याच्या कुंडीखालच्या थाळीकडे वळत. एक माशी थाळीच्या काठावर उतरून, पोट लयीत हलवत पाणी पिऊन घेई आणि पोळ्यावर परतून घरांच्या कडांवर त्याचे बारीक थेंब ठेवी. शेजारच्या दोघी-तिघी जागेवरच पाय रोवून पंखांनी वारा घालत. पाण्याची वाफ होताना पोळ्यातली उष्णता निघून जाते, माठातले पाणी थंड राहते तसेच. सकाळी हेच पाणी लाकडाचा भुसा भिजवून नवी घरे बांधण्याच्या कामी येई. पाणी आणण्याचे काम तेच, पण त्याचा हेतू तापमानानुसार बदलतो, हे मला फार विलक्षण वाटते.

थंड प्रदेशांतल्या अनेक गांधीलमाश्यांची वसाहत हिवाळ्यात संपते आणि फलित राण्या तेवढ्या वाचतात. दक्षिण भारतातल्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीची पोळी मात्र वर्षभर चालू असतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी या जातीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. जमिनीत पोळे करणारी पिवळ्या पट्ट्याची मोठी गांधीलमाशी, व्हेस्पा ओरिएंटॅलिस, तर रणरणत्या दुपारीच अधिक सक्रिय असते.

मे महिन्यात एकदा थाळी दुपारपर्यंत कोरडी राहिली, तेव्हा माश्या तिच्या काठावर उतरून तळ चाचपत राहिल्या. त्यानंतर अकराच्या आत थाळी भरायचे मी एकदाही चुकवले नाही.