गूळ, वाडं आणि 33 इंची घोडी

आमच्या घरात चार म्हशी, दोन रेडकं आणि एकेकाळी पहाटे कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशी नेऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देणारे सासरे. त्यामुळे जनावर कसं पोसायचं हे आम्हाला कुणी शिकवायला नको, अशी घरातल्या सगळ्यांची समजूत होती. माझीही होती, आणि मी तर लग्नाआधी शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत वाढलेली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर नवऱ्याच्या ओळखीतल्या एका फार्महाऊसवाल्यानं जागा विकायला काढली. पाहुण्यांच्या पोरांसाठी त्यानं दोन मिनिएचर घोडे ठेवले होते. "टेम्पोचं भाडं तेवढं करा आणि घेऊन जा," म्हणाला. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर एकच अट घातली: आणायच्या आधी ग्लँडर्ससाठी दोघांचं रक्त तपासून घ्या, हा रोग माणसालाही होतो. ते केलं. धनुर्वाताची लस आल्यावर दिली. बाकी तयारी शून्य.

पाचगावच्या पुढं, गिरगावच्या वाटेला माळावर आमचं घर आहे. टेम्पोचा फाळका खाली पडला आणि शेजारचे आण्णा बांधावरूनच ओरडले, "आयला, ह्ये घोडं हाय का कुत्रं?"

मानेवरची आयाळ संपते तिथून जमिनीपर्यंत घोडी 33 इंच, घोडा 31. अमेरिकेतल्या एका मोठ्या संघटनेच्या नोंदीत 34 इंचांपर्यंतचाच घोडा मिनिएचर धरतात, त्यात दोघंही बसतात. घोडी चावरी, म्हणून तिचं नाव लवंगी. घोडा खच्ची केलेला आणि स्वभावानं गरीब. त्याला सासऱ्यांनी बैलाचं नाव दिलं, सर्जा. सहा फुटी सासरे त्या एवढ्याशा जनावराला "हां सर्जा, चल सर्जा" करत फिरवायला लागले, तेव्हा मला तोंडाला पदर लावावा लागला.

पहिल्या रात्री दोघांना गोठ्यातच, म्हशींच्या पलीकडच्या कोपऱ्यात बांधलं. सकाळी बघते तर गव्हाणीतली वैरण तशीच. गव्हाण म्हशीच्या मापाची, यांची तोंडं तिथवर पोचतच नव्हती. खाली कोबा, गटारीकडं उतार दिलेला, धुऊन धुऊन गुळगुळीत झालेला. सर्जा दोनदा घसरून गुडघ्यावर आला होता. दाव्याचा वेढा लवंगीच्या पुढच्या पायात. म्हैस दाव्याला बसून रवंथ करते, घोडं तसं दिवसरात्र बांधून राहत नाही, त्याला हिंडायला लागतं. हे सगळं एका रात्रीत कळलं, त्यासाठी पुस्तक लागलं नाही.

मग गोठ्याच्या पूर्वेच्या अंगाला वेगळं छप्पर काढलं. आमच्याकडं पाऊस नैर्ऋत्येकडून आडवा मारतो, म्हणून ती बाजू भिंतीची आणि तोंड पूर्वेला. बारा बाय दहाचा एक कप्पा, दोघांत मिळून. घोडा एकटा ठेवला की झुरतो, म्हणून मध्ये फक्त आडवा बांबू, खाताना वेगळं करण्यापुरता. तळाला कोबा केलाच नाही. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच मुरूम भरून धुम्मसनं ठोकून घेतला, वर गोठ्यात टाकतात तीच रबरी मॅट, आणि तिच्यावर सुताराकडचा रंध्याचा भुसा चार बोटं जाड. भाताचं तूस स्वस्त मिळतं, पण सर्जा ते चघळायला लागला, म्हणून बंद केलं.

एक गोष्ट डॉक्टरांनी सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मुताचा जो उग्र, डोळ्याला झोंबणारा वास येतो, तो अमोनिया जमिनीलगत जास्त असतो. आपलं नाक पाच फुटांवर, म्हणून आपल्याला वाटतं शेड स्वच्छ आहे. यांचं नाक दोन फुटांवर. तेव्हापासून मी रोज सकाळी तिथं उकिडवी बसून वास घेते. वास आला की ओला भुसा काढायचा, घड्याळ बघायचं नाही. भिंतीच्या खालच्या अंगालाही विटा सोडून झरोके ठेवलेत ते यासाठीच.

दाराला अर्धी फळी केली, 30 इंचांची, म्हणजे मान बाहेर काढून म्हशींकडं बघता येतं. कडी वर एक, खाली एक. वरची कडी सर्जानं तिसऱ्या दिवशी ओठांनी काढली.

कुंपणात मात्र आमचे पैसे दोनदा गेले. रानाला आधीची काटेरी तार होती, चार पदरी. घोडा बुजला की आधी पळतो, मग बघतो, आणि काटेरी तारेत कातडं फाटून निघतं. ती सगळी काढली. त्या जागी नवऱ्यानं हौसेनं मोठ्या चौकोनांची वेल्डमेश आणली, चार इंची भोकाची. म्हशीचा खूर त्यात जात नाही. लवंगीचा खूर चहाच्या कपाएवढा. दुसऱ्या आठवड्यात तिनं जाळीवर पाय मारला, तो आरपार गेला आणि अडकला. नशीब, ती धडपडली नाही, उभी राहिली. आण्णांनी पक्कड आणून तार तोडली, एवढ्यावर निभावलं. आता दोन इंची भोकाची चेनलिंक आहे, चार फूट उंच, सिमेंटचे खांब आठ-आठ फुटांवर. जाळीची कापलेली टोकं बाहेरच्या अंगाला वळवून घेतली आणि खाली-वर ताणतार ओढली, नाहीतर सर्जा बुड खाजवून खाजवून जाळीला पोट काढतो.

आसपासच्या रानांत डुकरांसाठी झटका मशीन असते. तीच लावा, असं दहा जणांनी सांगितलं. पण यांच्या अंगावर थंडीत अस्वलासारखी लव येते, झटका कातड्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि तार जरा वर राहिली की हे खालून पार. आत जायला फटीचं निमित्त पुरतं, बाहेर यायलाही. फाटकाखाली दीड वीत जागा होती. लवंगी त्यातून आडवी होऊन निघाली आणि आण्णांच्या हरभऱ्यात सापडली. मी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता.

खरी भीती मात्र बाहेर जाण्याची नाही, आत येणाऱ्याची आहे. भटकी कुत्री. मोठा घोडा लाथेनं कुत्र्याला आडवं करतो, यांच्या मागं चार कुत्री लागली तर यांचं काही खरं नाही. म्हणून जाळी जमिनीत फूटभर गाडली, वर दगड रचले, आणि रात्री दोघं आत, कडीला कडी. फाटकाखाली आता एक जुना लोखंडी पाइप टेकवलेला असतो.

आता खाण्याचं. इथं घरात भांडणं झाली.

कोल्हापुरात जनावर पोसणं म्हणजे भरवणं. म्हशीला घमेलं भरून गोळी पेंड, सरकी, हिरवी वैरण. पैलवानाला दूध, तूप, बदाम. खुराक मोजणाऱ्याला इथं चिक्कू म्हणतात. आणि डॉक्टर मला म्हणाले, "वहिनी, हे घोडे फुकट खाऊन फुगणारे आहेत. तुम्ही मोजून द्यायला शिकला नाही, तर मला सारखं यावं लागेल." हे डॉक्टर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेले, वयानं माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं सरळ.

आधी वजन करायला सांगितलं. उसाच्या वजनकाट्यावर एवढं लहान वजन नीट कळेना. शेवटी धान्याच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात, पोती मोजायच्या प्लॅटफॉर्म काट्यावर लवंगीला चढवलं. 114 किलो. हमाल हसून लोळले. डॉक्टरांच्या मते तिचं वजन 95 च्या आसपास हवं होतं. फासळ्या बोटाला लागत नव्हत्या आणि मानेवर चरबीचा कडक पट्टा होता. दिवसाला या हव्या असलेल्या वजनाच्या दीड टक्का सुकी वैरण, म्हणजे तिला दीड किलोच्या आत-बाहेर, चार वेळा विभागून. घोड्याचं पोट लहान असतं, त्याला थोडं थोडं सतत लागतं. पण एकदम उपाशीही ठेवायचं नाही. जाडा बुटका घोडा अचानक खायचा थांबला की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि त्यात तो दगावू शकतो. म्हणजे हात आखडायचा, पण दार लावायचं नाही.

काय द्यायचं, हे त्याहून अवघड. आमच्या दारात सगळ्यात सोपं म्हणजे उसाचं वाडं, ऊसतोडीत फुकट. त्यात साखर. बांधावरचं हत्तीगवत म्हशीला चालतं, पण त्यातलं ऑक्झलेट खाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं, ते घोड्याच्या अंगी लागत नाही. गव्हाचा कोंडा रोज दिला तर फॉस्फरस जास्त होऊन हाडं बिघडतात. सरकी नको. गोळी पेंड तर अजिबात नको, कारण काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गाईला त्याचा फायदा होतो, घोड्याचं काळीज त्यानं बंद पडतं. म्हशींच्या पेंडीच्या पिंपाला आता कुलूप आहे. चावी माझ्या मंगळसूत्राला.

उरलं काय, तर गगनबावडा-राधानगरीकडचं डोंगरी गवत, पाऊस संपल्यावर कापून वाळवलेलं. एका गाडीत वर्षाची बेगमी होते. बुरशीचा वास येणारी पेंढी म्हशीलाही नाही, थेट उकिरड्यावर. सोबत मूठभर सुकवलेला लसूणघास, खनिज मिश्रण चिमूटभर, आणि खडेमीठ चाटायला टांगलेलं. पाण्याची बादली बुटकी, कड गुडघ्याच्या उंचीची. एवढं खाणं वीस मिनिटांत फस्त व्हायचं आणि मग दिवसभर फळी कुरतडणं सुरू. त्यावर क्रिकेटच्या सरावाच्या जाळीचा तुकडा कामाला आला. गवत त्यात भरून, जुन्या घमेल्याच्या तळाला घट्ट बांधून जमिनीवर ठेवलं. एकेक काडी ओढून काढावी लागते. वीस मिनिटांचे दोन तास झाले.

सासूबाईंना हे बघवत नव्हतं. "अगं, जनावराच्या तोंडाला जाळी बांधतीस? पाप लागंल." मी सांगायची, आई, तोंडाला नाही, गवताला बांधलीय. त्या मान फिरवायच्या.

पौषात शेजारचं गुऱ्हाळ पेटलं. पहिली काहील उतरली की आमच्याकडं वानवळा येतो, ढेपेचा तुकडा आणि वाटीभर काकवी. सासूबाई पदराखाली गुळाचा खडा घेऊन रोज संध्याकाळी "म्हशी बघून येते" म्हणून जायच्या. मला माहीत नव्हतं, असं म्हणणार नाही. माहीत होतं, किती ते माहीत नव्हतं.

एके सकाळी लवंगी दारापाशी आली नाही. पुढचे पाय लांब पुढं टाकून, वजन मागच्या पायांवर घेऊन उभी, जशी बर्फावर उभी असावी. खुराला हात लावला तर तवा. खुराच्या वर, मागच्या अंगाला बोट ठेवलं की नाडी ठणठण उडत होती. डॉक्टर आले, बघताक्षणी म्हणाले, लॅमिनायटिस. खुराच्या आत हाड धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात. सूज वाढली तर हाड खुरात फिरतं, मग घोडा उभा राहत नाही. कारण विचारलं त्यांनी. मी सासूबाईंकडं बघितलं नाही. त्याच म्हणाल्या, "मीच घालत होते, डॉक्टर. दोन खडे. कधी तीन."

पहिले दोन दिवस मासळीवाल्याकडून बर्फ आणून घमेल्यात तिचे पाय ठेवले. वेदनेचं औषध, भुसा गुडघाभर, चालवायचं अजिबात नाही. गवत तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून द्यायचं; साखर थोडी उतरते. सासऱ्यांचा जुना उपाय होता, जखडलेलं जनावर फिरवायचं. त्यांना अडवताना माझा आवाज चढला, आयुष्यात पहिल्यांदा. नालबंदानं पुढं दीड महिन्यानं खूर कापून आकाराला आणले. शर्यतीच्या घोड्यांचे नाल ठोकणारा माणूस, पोत्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "ह्याला नाल ठोकायचा म्हंजे बांगडीच की." नाल लागत नाहीत, पण दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापावेच लागतात. तीन महिन्यांनी लवंगी दुडक्या चालीनं धावली.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते. जूनपासून वावर चिखल होतं, आणि ओल्यात खुराच्या तळाला कुजका वास सुटतो. कुंपणाच्या आतून सहा फूट रुंद खडी-मुरमाचा पट्टा केला, पावसात दोघं तेवढ्यावरच फिरतात. कोवळं हिरवं गवत वर येतं तेव्हा रोज अर्धा तास चरायला, जास्त नाही. गोमाश्या संध्याकाळी फार. त्यांच्यापासून सर्राची, म्हणजे रक्तात जंतू शिरून येणाऱ्या तापाची, लागण होते, म्हणून शेडमागं पाणी साचू देत नाही, शेणही रोज लांब नेते. उन्हाळ्यात अंगाची लव मशीननं कापली, पत्र्यावर पांढरा रंग आणि पाचटाचा थर दिला.

लोक विचारतात, पोरं बसतात का? आमच्या जावेचा चार वर्षांचा पोरगा पंधरा किलोचा, तो पाच मिनिटं सर्जावर बसतो, धरून. त्याच्याहून मोठ्याला नाही. वाढदिवसाला भाड्यानं मागायला येतात, त्यांना चहा देऊन वाटेला लावते.

गेल्या महिन्यात परत त्याच गोदामात काट्यावर नेलं. लवंगी 97, सर्जा 88. सासूबाई बरोबर आल्या होत्या. घोडी उतरल्यावर त्या स्वतः काट्यावर चढल्या, आकडा बघितला आणि खाली उतरून म्हणाल्या, "काटा बिघडलाय." गुऱ्हाळ परत सुरू झालंय. त्या अजून पदर आवळून शेडकडं जातात, पण आता पदरात गाजराचा एक तुकडा असतो, मी सकाळी कापून ठेवलेला, करंगळीएवढा. लवंगी तो खाते आणि मग पदराची उरलेली टोकं हुंगत बसते.