हाइड पार्कमधली खोकड : पानगळीच्या नोंदी

वहीत यंदा नुसते 'दिसली, खात होती' लिहायचे नाही. काय खाल्ले त्याचा वेगळा रकाना. लंडनची रेड फॉक्स ही आपल्या माळावरच्या खोकडीची थोरली चुलत बहीण, आणि शरदात तिचे ताट बरेच भरलेले असते.

शेजारचे केन्सिंग्टन गार्डन्स अंधार पडताना बंद होते, हाइड पार्क मध्यरात्रीपर्यंत उघडे, म्हणून बैठक इथे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात. त्यामुळे घड्याळी वेळ न लिहिता 'सूर्यास्तानंतर अमुक मिनिटे' असे लिहावे, नाहीतर आधीच्या आणि नंतरच्या नोंदी जुळत नाहीत.

सगळ्यात बघण्यासारखी गांडुळांची शिकार. रात्र उबदार, दमट आणि बिनवाऱ्याची हवी, गवत आखूड. कोरडी हवा, वारा किंवा गोठलेले दहिवर असले की गांडुळे वर येत नाहीत. त्या रात्री हिरवळीवर ताटकळण्यात अर्थ नाही. खोकड कान पुढे करून सावकाश चालते, थबकते, पुढच्या दातांत गांडूळ धरते, पण हिसका देत नाही. गांडुळाचे मागचे टोक बिळात असते आणि अंगावरचे बारीक राठ केस मातीत रुतलेले. जोर लावला की ते तुटते. म्हणून ती ताण धरून क्षणभर थांबते, पकड सैलावली की अलगद ओढून घेते. हा थांबा दिसला तर रकान्यात बिनधास्त 'गांडूळ' लिहा. कमानदार उडी मारून पुढचे पाय खाली आपटले तर शिकार बहुधा उंदराची. नेम साधला की नाही, ते वेगळे लिहा.

हिरवळीवरून चालू नका, पावलांच्या हादऱ्याने गांडुळे आत जातात. वारा तिच्याकडून आपल्याकडे यावा. टॉर्चला लाल कागद लावा. दुर्बीण ८ बाय ४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे): डोळ्यात उतरणारा प्रकाशझोत ५.२५ मिलिमीटर रुंद, खिशातल्या १० बाय २५ चा फक्त २.५, संधिप्रकाशात ती कुचकामी. सळसळणारे नायलॉनचे जाकीट घरीच ठेवा. आणि खाऊ टाकायचा नाही. मग नोंद खोकडीची न राहता सँडविचची होते.

उकरलेला प्रत्येक खड्डा तिच्या नावावर खपवू नये, खारीही याच दिवसांत फळे पुरतात. उरलेले भक्ष्य ती पुढच्या पायांनी उकरून पुरते आणि माती नाकाने लोटते. हे प्रत्यक्ष दिसले तरच 'साठा' लिहावे.

विष्ठा एका टोकाला पिळदार, ब्लॅकबेरी खाल्ली असेल तर जांभळट आणि बियांनी भरलेली. टोक्सोकारा या आतड्यातल्या कृमीची अंडी असू शकतात, तेव्हा हातमोजे घालूनच काडीने उसवा.