दाढेच्या कृपेने

शनिवार, रात्र

दाढ सुजली. खालची, उजवीकडची. हृदय बदलायच्या यादीत नाव घालण्याआधी डोक्यापासून पायापर्यंत सगळं तपासलं होतं, तेव्हा हिला पास केलं होतं. आता गाल टम्म. मग हॉस्पिटलमधून ती यादी सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटरचा फोन. इन्फेक्शन जाऊन, दाढ काढून, जखम भरेपर्यंत तुम्हाला तात्पुरतं इनॲक्टिव्ह ठेवतोय म्हणाली. नाव निघत नाही, पण या दिवसांत हृदय आलंच तर तुमचा विचार होणार नाही. नंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या की दाढेतलं हे एवढंसं इन्फेक्शनही जिवावर बेतू शकतं, हे तिने नीट समजावून सांगितलं. मी हो-हो म्हटलं, थँक्यू म्हटलं.

फोन ठेवला आणि मला एकदम हलकं वाटलं.

वाईट वाटायला हवं होतं ना? नवऱ्याचा चेहरा खाडकन पडला. आईने तिकडून नवसात आणखी एक अभिषेक वाढवला. चिरंजीव काही न बोलता स्वतःच्या खोलीत गेले. आणि मी? मी हॉस्पिटलसाठी भरून ठेवलेल्या बॅगेतून चार्जर काढला. तो लांब वायरचा, चांगला चार्जर कधीचा त्या बॅगेत पडून होता, फाइल आणि गाऊनच्या खाली. फोन चार्जिंगला लावला तोही बाहेर, फ्रिजवर, आवाज बंद करून. रात्री अशी झोपले की सकाळी वजन करायची वेळ टळून गेली. गाल ठणकत असताना.

तेव्हापासून मनात तेच चाललंय. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, ते लांबलं म्हणून बरं वाटणारी मी कोण?

भीतीच म्हणायची तर ऑपरेशनची आहेच, ती काही आजची नाही. पण हे तसं वाटत नाही. ऑपरेशनची भीती पोटात असते. ‘हृदय आलंय, निघा’ या फोनची भीती कानात असते. अनोळखी नंबर दिसला की छातीत जे होतं ते निम्मं आजाराचं आणि निम्मं फोनचं, आणि मॉनिटरला त्यातलं काही वेगळं कळत नाही. पलीकडून लोन हवंय का विचारणारी मुलगी असते. मी तिला इतक्या प्रेमाने ‘नको गं बाई’ म्हणते की तीच गांगरते.

आणि तो फोन खरंच आला, तर कुठेतरी एखाद्या घरात... तो विषय नको. पाऊस लागला की घोडबंदर रोडवर बिनहेल्मेटची पोरं बघून मी मान वळवते, एवढंच लिहिते.

खरं सांगायचं तर मला कंटाळा आलाय, सगळ्यांची आशा होऊन राहण्याचा. माझं दुखतंय का, यापेक्षा ‘काही कळलं का?’ हेच जास्त विचारतात. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे. सोसायटीतल्या लोकांनी पैसे जमवलेत, त्यांना विचारायचा हक्कही आहे म्हणा. पण मग मला काय वाटतं हे मी कुणापाशी बोलू? आईला सांगितलं तर ती रडेल. याला सांगितलं तर गप्प होईल, ते त्याहून वाईट. चहा, आमटी, ताक, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरून दिवसाला सव्वा लिटरच प्यायचं. ते मोजायला घरात तिघंजण आहेत. ‘आज कशी आहेस?’ याचं खरं उत्तर ऐकायला एक नाही. चाळिशी उलटली, मुलाची बारावी, आणि मी तीन उशांना टेकून दाढेचे आभार मानतेय. वा.

दुपारी कळव्याच्या काकांना फोन केला. ओपीडीच्या बाकावरची ओळख. ते माझ्याही आधीपासून यादीत आहेत. आवाज लगेच धापतो, तरी बोलायची हौस दांडगी. मी म्हटलं, काका, मला इनॲक्टिव्ह केलं. तर हे म्हणतात, ‘अरे वा! सुट्टी लागली की तुम्हाला!’

मी एवढी हसले की गालाला कळ लागली.

त्यांना मागे एकदा बोलावलं होतं, बॅकअप म्हणून. पहिल्या पेशंटचं काही कारणाने जमलं नाही तर तुम्ही. पोटात अन्नाचा कण नाही, अंगावर गाऊन, मुलगी बाहेर स्तोत्र म्हणतेय. पहाटे डॉक्टर येऊन सांगून गेले की ते हृदयच वापरण्याजोगं निघालं नाही, त्यामुळे कुणालाच नाही. काका म्हणाले, घरी येताना रिक्षात मुलगी हमसून हमसून रडली, आणि मी विचार करत होतो की कळव्यात एवढ्या सकाळी वडापाव कुठे मिळेल. ‘खाल्लात?’ मी विचारलं. ‘पथ्य आहे ना,’ म्हणाले. म्हणजे खाल्ला.

काकांना सनावळ्या पाठ. १९६७ च्या डिसेंबरात केपटाऊनला बर्नार्डने पहिलं हृदय बसवलं, पेशंट १८ दिवस जगला. पुढच्याच फेब्रुवारीत आपल्या केईएमला डॉ. सेनांनी केलं, तो काही तासच. मग थेट १९९४, अवयवदानाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्सला डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी करून दाखवलं. ‘म्हणजे बघा,’ काका म्हणाले, ‘मधली सव्वीस वर्षं अख्खा देश वेटिंगवर होता. आपलं काय घेऊन बसलात!’ हृदय देणारा ब्रेनडेड, म्हणजे मेंदू कायमचा थांबलेला, आहे हे कसं ठरवतात हेही त्यांनीच मला समजावलं होतं. चार डॉक्टर, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. मला ते ऐकायचं नव्हतं. ऐकल्यावर मात्र जरा बरं वाटलं होतं, कशामुळे ते ठाऊक नाही.

मग मी सांगून टाकलंच. काका, मला बरं वाटलं हो. ते क्षणभर थांबले. धापेमुळे की कसं, कोण जाणे. म्हणाले, ‘मी तर त्या दिवशी परत आल्यावर चार तास घोरत होतो. बायकोने श्वास बघायला दोनदा हलवलं.’ बस, एवढंच. पुढे त्यांच्या पायाची सूज आणि लघवी वाढवणारी डायटरची गोळी यावर गाडी गेली.

मला आवडणारी एक गोष्ट मागे डॉक्टरांनी सांगितली होती. हृदय काढताना त्याच्या नसा तुटतात, आणि नव्या छातीत त्या कुणी जोडत नाही. रक्तवाहिन्या जोडल्या की ते आपलं आपण चालतं, एरवीही थोडं जलदच. पण माणूस दचकला तर त्याला लगेच पत्ता लागत नाही. घाबरल्याची बातमी रक्तातून जाते, तिला वेळ लागतो. म्हणजे अनोळखी नंबर दिसेल, मी ‘हॅलो’ म्हणेन, लोनवाली तिचं सगळं बोलून फोन ठेवेल, आणि मग माझी छाती धडधडायला लागेल. हे मनात येऊन आज स्वयंपाकघरात एकटीच हसत होते, तर चिरंजीवांनी पल्स ऑक्सिमीटर आणून बोटाला लावला.

नवरा मात्र तीन दिवस घुम्यासारखा. याने कासारवडवलीपासून हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता सगळ्या वेळांना मोजून ठेवलाय. हृदय एकदा बाहेर काढलं की साधारण चार तासांत नव्या जागी सुरू व्हावं लागतं, त्यामुळे त्या हृदयाला ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे पोलिसांनी मोकळा करून दिलेला रस्ता, मिळतो. मला माजिवड्याचा सिग्नल. म्हणून गाडी कायम गेटकडे तोंड करून उभी, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि शेजारच्यांना तिच्यापुढे गाडी लावू द्यायची नाही, ज्यावरून भांडणंही झालीत.

आत्ता जेवताना सांगून टाकलं त्याला. मला बरं वाटतंय, फोन येणार नाही म्हणून. लगेच जोडलं की फक्त तेवढ्यापुरतं हं. त्याने भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरला. मला वाटलं, आता हा उठून जाणार.

‘मग सोमवारी गाडी सर्व्हिसिंगला टाकू का?’ म्हणाला. ‘कधीपासून टाकायचीय.’

टाक म्हटलं. ब्रेकचा आवाज येतोच आहे. त्याच सकाळी आयएनआर करायचाय, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी. रक्त पातळ करायची गोळी चालू असल्यामुळे तो बघितल्याशिवाय डेंटिस्ट दाढेला हात लावणार नाही. तिकडे रिक्षाने जाऊ.