हेन्री अजून घोड्यावरच आहे

कोणी फार घाई करायला लागलं की आपण विचारतो, "घोड्यावर बसून आलायस का?" माझ्या ओळखीचा एक मुलगा मात्र गेली सात वर्षं घोड्यावर बसलेला आहे आणि जागचा हललेला नाही. नाव हेन्री. लोहाराचा पोर. मुक्काम बोहेमिया, म्हणजे आजचं चेकिया, साल १४०३. शेजारच्या घोड्यावर हान्स, तोंडाळ आणि उडाणटप्पू सरदारपुत्र. दोघं एक निरोप घेऊन ट्रॉस्कीच्या किल्ल्याकडे निघालेत आणि तिथेच 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' हा गेम संपतो. संपतो कसला, एसटी घाटात बंद पडावी तसा थांबतो.

हे झालं २०१८ साली. दुसरा भाग येतोय आता, ४ फेब्रुवारी २०२५ला. मधल्या काळात माझं एक घर बदललं, दोन नोकऱ्या बदलल्या, करोना येऊन गेला, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि चाळिशीचा चष्मा लागला. हेन्रीच्या घोड्याने मात्र शेपूटसुद्धा हलवलेलं नाही.

दुसऱ्या भागाची घोषणा झाली एप्रिल २०२४मध्ये. तेव्हा म्हणाले, याच वर्षी आणतो. मग म्हणाले, ११ फेब्रुवारी. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे होतं, गेमच्या तारखा पुढे जाण्यासाठीच असतात. पण नंतर त्यांनी तारीख चक्क एक आठवडा अलीकडे ओढली. मी डोंबिवलीचा माणूस. गाडी वेळेआधी येतेय अशी उद्घोषणा ऐकली की आनंद नंतर होतो, आधी संशय येतो.

संशय बरोबरच होता. ४ फेब्रुवारी म्हणजे मंगळवार, रथसप्तमी. संक्रांतीपासून आज-उद्या करत राहिलेलं आमच्या घरचं हळदीकुंकू नेमकं त्या शेवटच्या दिवसावर येऊन ठेपलंय. आणि आमचा कॉम्प्युटर हॉलमध्ये असतो.

"चार तारखेला हॉल मला मोकळा हवाय," बायको म्हणाली. "तीस बायका येणारेत. तो तुझा डबा बेडरूममध्ये हलव."

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, एका कंपनीत हिशेब बघतो. माझ्या वयाच्या माणसाने शेअर बाजाराची वाट पाहावी, मान्सूनची पाहावी, गेला बाजार पुनर्विकासाच्या बिल्डरची पाहावी. एका लोहाराच्या पोराची वाट पाहतोय हे चारचौघांत सांगता येत नाही. म्हणून इथे सांगतो.

आधी एक कबुली. या हेन्रीने पहिल्या दहा मिनिटांत मला बेवड्याचा मार खायला लावला. बाकीच्या गेममध्ये कसं, तुम्ही जन्मतःच अवतारी पुरुष असता. कुठलीतरी भविष्यवाणी झालेली असते आणि तासाभरात तुम्ही ड्रॅगन लोळवत असता. इथे सकाळी उठलो आणि बापाने कामाला धाडलं: कोळसा आण, भट्टीवर काम करताना प्यायला बिअर आण, आणि त्या कुनेशकडून उधारी वसूल कर. कुऱ्हाड, हातोडा आणि खिळे नेलेत, पैसे दिले नाहीत. कुनेश दारात झुलत उभा होता. देत नाही म्हणाला. वर बापाबद्दल वाटेल ते बोलला. मी मूठ वळली, आणि दुसऱ्या क्षणाला स्क्रीनवर मला फक्त आभाळ दिसत होतं.

वसुलीचा मला ऑफिसातला अनुभव आहे, तरी इतका अपमान कधी झाला नव्हता. शेवटी गावातल्या टवाळ मित्रांना सोबत घेतलं. त्यांची अट होती, आधी गावातल्या एका जर्मन गृहस्थाच्या घरावर शेण फेकायला आमच्याबरोबर यायचं. गेलो. फेकलं. आणि हसत असतानाच लक्षात आलं की अरे, ही पोरं तर आमच्या गावची आहेत. गणपतीच्या वर्गणीला निघालेली.

त्याच दिवशी हंगेरीचा राजा झिगिस्मुंडचं सैन्य स्कालिट्झ गाव जाळतं आणि हेन्रीचे आईबाप मारले जातात. तेवढं सांगून पुढे जातो. त्या प्रसंगाला मी दरवेळी उगाच पाणी प्यायला उठतो.

मला या गेमने बांधून ठेवलं ते त्यातल्या नन्नाच्या पाढ्यामुळे. हेन्रीला काहीच येत नाही. तलवार धरता येत नाही. रताय गावच्या रिंगणात बर्नार्ड नावाचा गृहस्थ लाकडी तलवारीने त्याला बडवतो, आणि मुळात तो मला बडवत असतो, कारण वार अडवायचा क्षण माझ्या बोटांनी पकडायचा असतो. मी रोज जेवणानंतर अर्धा तास तिथे मार खायला जायचो. दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी बर्नार्डचा वार अचूक अडला, उलटा फिरला आणि त्याच्याच खांद्यावर बसला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं?" काय सांगणार?

मग खाणंपिणं. भूक लागते, झोप येते, झोळीतलं मांस काही दिवसांनी नासतं आणि ते खाल्लं तर पोट बिघडतं. आंघोळ केली नाही तर लोक नाकं मुरडतात, सरदार तर धड बोलतही नाहीत. न्हाणीघरात जाऊन कपडे धुऊन घेतले की तोच सरदार गोड बोलतो. यात मध्ययुगीन असं काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

गेम सेव्ह करायलासुद्धा पैसे पडतात. त्यासाठी एक औषधी दारू प्यावी लागते, सेव्हियर श्नॅप्स. स्वतःच्या किंवा भाड्याच्या बिछान्यात झोपूनही काम भागतं, पण रानात मधोमध अडलात तर ही बाटलीच हवी. ती महाग, म्हणून मी स्वतः करायला शिकलो: वाइन, खाजकुइलीची मावसबहीण शोभेल अशी खाजरी पानं, आणि बेलाडोना नावाची विषारी वनस्पती. घड्याळातली वाळू उलटवत उकळायचं, खलात कुटायचं. एकदा कंजूषपणा केला. एकच बाटली उरली होती, म्हटलं राहू दे. रस्त्यात तिघे दरोडेखोर भेटले आणि दोन तासांचं काम पाण्यात गेलं. चूक सर्वस्वी माझीच. घरात नवीन टॉवेल असताना फाटका वापरणाऱ्या घराण्यातला आहे मी.

पण खरी कमाल वाचनाची. हेन्री निरक्षर आहे. पुस्तक उघडलं की पानावर अक्षरं असतात, शब्द असतात, पण सगळी उलटीपालटी झालेली. उझिट्झ गावातला एक लेखनिक त्याला शिकवतो. शिकला तरी लगेच सगळं सुटत नाही. ओळीत मध्येच एखादा शब्द विस्कटलेलाच राहतो आणि तो अंदाजाने लावून घ्यावा लागतो. मी त्याच सुमारास आजोबांच्या जमिनीचे कागद वाचता यावेत म्हणून ठाण्याला मोडीच्या वर्गाला जात होतो. तीन रविवार गेलो. तीन रविवारांत मला 'श्री' वाचता आला आणि तारखा. बाकी सगळं हेन्रीच्या पुस्तकासारखं. हेन्री शिकला, मी सोडून दिलं. ते कागद अजून प्लास्टिकच्या पिशवीत कपाटावर आहेत.

गेम करणारा वॉरहॉर्स स्टुडिओ प्रागचा. दानिएल वाव्हरा हा त्याचा दिग्दर्शक. जादू नाही, राक्षस नाहीत, अशा गेमवर पैसे लावायला कोणी प्रकाशक तयार होईना, तेव्हा २०१४ साली त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर लोकांपुढे झोळी पसरली. मागितले ३ लाख पौंड, मिळाले ११ लाखांच्या वर. म्हणजे लोहाराच्या पोराची वाट पाहणारा मी एकटाच नव्हतो, हे वाचून बरं वाटलं होतं.

त्यांनी केलेला मुलूख खरा आहे. साझावा नदी खरी आहे, तिच्या काठचा मठ खरा आहे. गेममध्ये मठाच्या चर्चला परांची बांधलेली आहे, काम चालू आहे. मी एका दुपारी, लंच टाइममध्ये, उपग्रहाच्या नकाशावर तो मठ शोधून काढला. चर्च अजून अर्धवटच आहे! हुसाइट युद्धांच्या, म्हणजे तिथल्या धर्मयुद्धांच्या, धामधुमीत काम थांबलं ते थांबलं. आमच्या समोरची इमारत अकरा वर्षं रखडलीय म्हणून मी कुरकुरतो, ते त्या दिवसापासून कमी केलं.

त्याच मठात हेन्रीला एकदा शिकाऊ भिक्षू होऊन राहावं लागतं. घंटेला उठायचं, प्रार्थना, काम, जेवण, पुन्हा प्रार्थना, चुकलात तर कोठडी. अनेकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. दिवसभर बायोमेट्रिकवर अंगठा लावून आलेला मी रात्री घरी बसून घंटेच्या ठोक्याला प्रार्थनेला हजर राहत होतो, आणि मला तो फार आवडला. यावर घरच्यांचं मत विचारू नका.

आता नव्या भागात कुटेनबर्ग आहे, म्हणजे कुत्ना होरा, चांदीच्या खाणींचं शहर. १३०० सालापासून तिथे प्रागचे ग्रोशन पाडले जायचे, म्हणजे पहिल्या भागात मी पै-पै करून जमवलेली नाणी जिथून निघाली ती टांकसाळ. सेंट बार्बराचं चर्च तेव्हा नुकतं कुठे बांधायला घेतलेलं. शिवाय पुढे हुसाइट युद्धांत गाजलेला, एका डोळ्याचा सेनापती यान झिझ्का भेटणार आहे. आपल्याकडे तेव्हा बहमनी राजवट आणि दुर्गादेवीचा दुष्काळ. आपल्या लोहाराच्या पोराचा असा गेम कोणी काढला तर पहिलं काम उधारी वसुलीचं नसेल, पाण्याचं असेल.

तयारी चालू आहे. गेमला १६ जीबी रॅम हवी, माझ्याकडे ८. लॅमिंग्टन रोडला जाऊन एक पट्टी आणली. माझं ग्राफिक्स कार्ड त्यांच्या किमान यादीत नेमकं बसतं, काठावर पास. डिस्कवर १०० जीबी जागा लागते, म्हणून लग्नाचा व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर हलवला. ही गोष्ट अजून घरात कोणाला माहीत नाही.

आणि काल रात्री सात वर्षांनी पहिला भाग उघडला. बर्नार्ड तिथेच होता, रिंगणात. म्हटलं, बघू. दोन आठवडे घासून कमावलेली ती एक लकब बोटांत उरलीय का. नव्हती. चार वार खाल्ले, पाचव्याला चुकून कीबोर्डवर चष्मा पडला. हेन्रीच्या झोळीत श्नॅप्सच्या तीन बाटल्या शिल्लक निघाल्या, तेवढंच समाधान.

बेडरूममध्ये कॉम्प्युटर नेला खरा, पण तिथला पॉइंट कपाटामागे. म्हणून आज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. वाणाचे डबे घेऊन बायको पुढे गेली होती, मुलगी माझ्यासोबत.

"एक्स्टेन्शन बोर्ड द्या, पाच मीटर. चांगला."

"काय चालवणार? हीटर-बिटर नको हं यावर."

"नाही, कॉम्प्युटर. गेमसाठी."

दुकानदाराने काउंटरवरून वाकून मुलीकडे पाहिलं. "गेम खेळतेस होय गं? अभ्यास करतेस ना?"

मुलीने तोंड उघडलं. मी घाईघाईने पाचशेची नोट पुढे केली आणि म्हणालो, "करते, करते. अभ्यास झाल्यावरच देतो."