त्र्याहत्तरची जुनी आणि नवी जोडी: अडकणाऱ्या काडतुसाचे मूळ अखेर सापडले

मागील नोंदीच्या शेवटी मी माझ्या उबेर्तीचा, म्हणजे विंचेस्टर १८७३ या जुन्या लिव्हर-रायफलीच्या नव्या प्रतिकृतीचा, कॅरिअर (मॅगझीन म्हणजे नळीखालच्या नळकांड्यातून आलेले काडतूस वर उचलणारा पितळी ठोकळा) बदलण्याचे ठरवले होते. आता त्याची गरज उरलेली नाही. गेल्या रविवारी फिनिक्सजवळच्या बेन ॲव्हरी मैदानावर त्याच रायफलीतून, त्याच कॅरिअरसह, चाळीस काडतुसे एकदाही न अडकता झाडली गेली, आणि पाच महिने पिच्छा पुरवणारा, काडतूस अडकण्याचा दोष रायफलीत कधी नव्हताच याची खात्री पटली. तो काडतुसात होता. तिथवर पोहोचायला इतका वेळ का लागला, हे सविस्तर लिहितो, कारण आपल्यापैकी किमान तिघांनी हीच तक्रार मला कळवली आहे आणि त्यांतील एकाने तर नवा कॅरिअर मागवलाही आहे.

दोन्ही रायफली तुमच्या परिचयाच्या आहेत. जुनी १८८९ साली बनलेली विंचेस्टर १८७३, म्हणजे ‘त्र्याहत्तर’, आहे, चोवीस इंची अष्टकोनी नळीची. कोडी येथील संग्रहालयाकडून कारखान्याच्या नोंदींचा उतारा आल्यावर नळी आणि कॅलिबर मूळचेच असल्याचे कळले, त्याचा आनंद मी मागे व्यक्त केला होता. नवी उबेर्तीची, म्हणजे इटलीतील गार्दोने व्हाल त्रोंपियाची, तशाच अष्टकोनी नळीची. दोन्ही ४४-४० या काडतुसाच्या. एकच काडतूस दोघींत चालावे, म्हणजे गोळ्यांचे ओतकाम, काडतुसे भरण्याच्या प्रेसची जुळणी आणि केस (काडतुसाचे पितळी कवच) सर्व एकच राहतील, हा माझा हेतू होता. जुन्या रायफलीत काळ्या दारूशिवाय काहीही घालायचे नाही, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे. नवीत मात्र साफसफाई सोपी व्हावी म्हणून बिनधुराच्या दारूचा हलका भार घालत होतो. गोळी दोन्हीकडे एकच होती, लायमनच्या ४२७०९८ या साच्यातून ओतलेली.

जुनी रायफल तिच्या काळ्या दारूच्या काडतुसांवर लोण्यासारखी चाले. नवी मात्र अडकत असे, आणि नेहमी एकाच पद्धतीने: लिव्हर खाली जाई, खोका (नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट) मागे येई, कॅरिअर थोडा वर उचलला जाई आणि तिथेच घट्ट थांबे. लोडिंग गेटमधून (काडतुसे भरण्याच्या बाजूच्या झडपेतून) लाकडी काडीने पुढचे काडतूस मॅगझीनमध्ये ढकलले की कॅरिअर मोकळा होई. ज्या एका गोष्टीकडे मी पहिल्याच महिन्यात नीट पाहायला हवे होते, ती माझ्या वहीत लिहिलेली होती: दहा काडतुसे भरली तर पहिल्या चारांत रायफल कधीही अडकली नाही, अडकली ती सहाव्या, सातव्या किंवा आठव्या वेळी.

त्र्याहत्तरचा कॅरिअर कसा चालतो, याची उजळणी इथे करावीच लागेल. १८६० ची हेन्री, १८६६ ची पिवळी (‘यलो बॉय’) आणि १८७३ या तिघींच्या घराण्यात मॅगझीनमधील पुढच्या काडतुसाला अडवणारा स्वतंत्र अडसर नसतो. कॅरिअरमध्ये आलेले काडतूस स्वतःच अडसराचे काम करते. त्याची बैठक (बूड) मागे टेकते, त्याचे टोक कॅरिअरच्या पुढच्या कडेशी येते आणि त्या टोकावर मागून येणाऱ्या काडतुसाची कडा थांबते. म्हणून काडतुसाची लांबी हा या यंत्रणेचा एक भागच आहे. काडतूस लांब झाले, तर त्याचे टोक मॅगझीनमध्ये राहते आणि कॅरिअर उचलत नाही. आखूड झाले, तर पुढच्या काडतुसाची कडा कॅरिअरमध्ये शिरते आणि वर जाणाऱ्या पितळी ठोकळ्याला धरून ठेवते. माझ्या बाबतीत हा दुसरा प्रकार घडत होता, हे काडीच्या उपायावरूनच उघड होते. परंतु काडतुसे तर मी व्हर्निअर कॅलिपरने मोजून भरली होती. कमाल लांबी १.५९२ इंच, माझी सर्व १.५८५. मग आखूड कोण?

इथे माझी दिशा चुकली. एका सोबत्याच्या रोसी ९२ मध्ये (विंचेस्टर १८९२ च्या प्रतिकृतीत) हीच काडतुसे घालून पाहिली आणि ती बिनतक्रार चालली. जुनी विंचेस्टरही चालत होती. दोन रायफली निर्दोष आणि तिसरी अडते, तेव्हा दोष तिसरीत, असा सरळ निष्कर्ष मी काढला. पण १८९२ ही रचनाकार ब्राउनिंगच्या १८८६ या रायफलीची लहान बहीण. तिच्यात काडतूस अडवायला वेगळी खुंटी असते आणि लांबीतील फरक ती निमूट सोसते. तिची साक्ष या खटल्यात ग्राह्यच नव्हती. पुढचे दोन महिने मी कॅरिअरच्या कडा तपासल्या, लिव्हरच्या दोन्ही पट्टी-स्प्रिंगांचा ताण कमी केला, मॅगझीनची स्प्रिंग बदलली आणि लोडिंग गेटची आतली बाजू घासून गुळगुळीत केली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ती सगळी खटपट झाली. तिच्यातून एवढाच लाभ झाला, की लिव्हरची चाल आता जुन्या रायफलीच्या जवळ आली आहे. उबेर्तीच्या स्प्रिंगा कारखान्यातून गरजेपेक्षा जड येतात, हे माझे मत पूर्वीसारखेच आहे.

निर्णायक प्रयोग तीन आठवड्यांपूर्वी झाला, तोही दुसऱ्याच कारणासाठी. नव्या स्प्रिंगांची चाल घरी तपासावी म्हणून मी दहा डमी बनवल्या: दारू नाही, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नाही, फक्त केस आणि गोळी. उबेर्तीत त्या दुसऱ्या फेरीलाच अडकल्या. सहज म्हणून त्याच डमी जुन्या विंचेस्टरमध्ये घातल्या, आणि एकशे तीस वर्षांहून अधिक वय असलेली, आजवर कधीही न अडकलेली ती रायफल तिसऱ्या फेरीला नेमकी तशीच थांबली. मी लगेच डमी बाहेर काढून मोजल्या. सात जशाच्या तशा होत्या. दोन १.५७० वर आल्या होत्या आणि एक १.५६२ वर. गोळ्या केसमध्ये आत सरकल्या होत्या.

एवढे कळल्यावर बाकीचे धागे एकामागून एक सुटत गेले. नळीच्या मॅगझीनमध्ये प्रत्येक काडतुसाची बैठक मागील गोळीच्या टोकावर दाबली जाते. प्रत्येक बाराबरोबर सगळी रांग धक्का खाते, आणि सर्वांत आधी भरलेले, म्हणजे सर्वांत शेवटी निघणारे काडतूस सर्वाधिक धक्के खाते. वहीतील सहावी, सातवी, आठवी खेप हेच सांगत होती. ४२७०९८ हा जुन्या कारखानी गोळीच्या घडणीचा साचा आहे आणि त्या गोळीला क्रिम्पची, म्हणजे केसचे तोंड दुमडून बसवण्याची, खाच नसते. १८७३ मध्ये ती लागतच नव्हती, कारण केस काळ्या दारूने काठोकाठ भरलेली असे आणि गोळी त्या दाबलेल्या दारूच्या खांबावर बसलेली असे. आत सरकायला जागाच नव्हती. माझ्या बिनधुराच्या भाराने केसची निम्मी जागाही भरत नाही. गोळीखाली पोकळी आणि वरून केसचे तोंड गोळीच्या उतारावर दुमडलेले. असे तोंड गोळीला बाहेर येऊ देत नाही, आत जाण्यापासून मात्र अडवू शकत नाही. विसाव्या शतकात कारखाने ४४-४० च्या केसवर गोळीच्या बुडाखाली एक गोल खाच का दाबत असत, याचे उत्तर मला आता मिळाले.

त्यात भर पडली मापांच्या फरकाची, आणि जुन्या-नव्या रायफलींच्या तुलनेत मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या ४४-४० नळीचे खोबणींचे माप सर्वसाधारणपणे ४२७ हजारांश इंच धरले जाते, जरी प्रत्यक्षात त्या काळच्या नळ्यांत बराच फरक आढळतो, माझी ४२७.५ आहे. उबेर्तीची मी शिशाचा गोळा ठोकून मोजली, ती ४२९ भरली. आजचे डाय (केसला आकार देणारी प्रेसमधील साधने) बनवणारे ही नवी नळी गृहीत धरतात. माझ्या संचातील केसचे तोंड फुलवणारी दांडी ४२८ ची निघाली. ४२७ ची गोळी ४२८ ला फुलवलेल्या तोंडात बसवली तर पकड कसली राहणार? संच पाठवणाऱ्या दुकानाने फोनवर तो जुन्या मापाच्या गोळीसाठीच असल्याचे सांगितले होते. दांडी स्वतः मोजल्याशिवाय यापुढे कोणत्याही संचावर विसंबू नये, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. ४२५ ची दांडी एका सोबत्याने लेथवर करून दिली, आणि तिने घडवलेल्या काडतुसाची गोळी अंगठ्याने टेबलावर जोर देऊनही हलत नाही. ती पहिली गोळी जागेवर राहिलेली पाहताना झालेले समाधान फार मोठे होते.

मधल्या काळात दस्त्याचे काम संपले, तेही नोंदवतो. उबेर्तीचा तांबूस, चकचकीत लेप मला कधीच आवडला नव्हता. तो काढून अक्रोडावर जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले, प्रत्येक हातानंतर एक दिवस सुकू दिला, आणि आता दोन्ही दस्ते शेजारी ठेवले तर दुरून भेद कळत नाही. यंत्रणेच्या पोलादी आवरणावरचे रंगीत केस-हार्डनिंग (पोलादाचा पृष्ठभाग कडक करताना उमटणारे रंग) मात्र मी तसेच ठेवले आहे. अनेकांना तेच अस्सल रूप वाटते. वास्तविक त्र्याहत्तरचे नेहमीचे आवरण निळसर रंगाचे असे आणि रंगीत हवे असल्यास ते खास मागणी देऊन घ्यावे लागे. प्रतिकृती करणाऱ्यांनी दुर्मीळ रूप उचलून ते सार्वत्रिक केले. देखणे आहे, यात वाद नाही.

या पाच महिन्यांत उबेर्तीबद्दलचा माझा आदर वाढला, हेही लिहिले पाहिजे. मिरोकू या जपानी कारखान्याच्या ९२ ची घडण अतिशय सफाईदार आहे, परंतु तिच्या दस्त्याच्या मानेवरची सुरक्षा-कळ आणि मागे उसळणारा घोडा हाताला सतत जाणवतात. रोसीच्या खोक्यावरची कळही तशीच उपरी आहे. उबेर्तीने त्र्याहत्तरची टॉगल (खोका मागे-पुढे करणारे दुमडते दुवे), लिव्हरने दाबली जाणारी चापामागची खुंटी आणि पितळी कॅरिअर हे सर्व जुन्याप्रमाणेच ठेवले. म्हणूनच लांबीबद्दलचा जुन्या रायफलीचा काटेकोरपणाही तिच्यात जसाच्या तसा उतरला. बदलले होते ते माझे काडतूस. रायफलीची प्रतिकृती हातात घेऊन तिला १८७३ मध्ये अस्तित्वात नसलेले काडतूस मी देत होतो.

नोंद लिहायला बसलो तेव्हा बेत असा होता, की खाच असलेला ४२७६६६ चा साचा मागवावा आणि बिनधुराची दारू चालू ठेवावी. वरचा परिच्छेद लिहिताना मात्र मन बदलले. उबेर्तीलाही काळी दारूच का देऊ नये? रविवारच्या चाळीस काडतुसांत मी केवळ तपासणीसाठी तीच भरली होती: जुना साचा, नवी दांडी, ३५ ग्रेन काळी दारू किंचित दाबून. नावातील ४० ग्रेन आजच्या जाड बुडाच्या केसमध्ये मावत नाहीत, त्यामुळे तितका आग्रह मी धरत नाही. काडतुसे अडकली नाहीत, हे वर आलेच. पण माझे लक्ष निशाण्याने वेधले. कठीण मिश्रधातूची ४२७ ची गोळी उबेर्तीच्या रुंद नळीतून पन्नास यार्डांवर सहा-सात इंच पसरत असे आणि नळीत शिशाचे पापुद्रे सोडत असे. या वेळी वीस भाग शिसे आणि एक भाग कथील अशी मऊ गोळी होती, वर मधमाशीचे मेण आणि गुरांची चरबी. दहा गोळ्या पावणेतीन इंचांत आल्या आणि नळीत शिसे नव्हते. काळ्या दारूच्या धक्क्याने मऊ गोळी फुगून नळी भरते, असे जुने जाणकार सांगत आले आहेत. माझ्या कागदावर त्याचा पुरावा मिळाला. म्हणजे दोन नळ्यांतील दीड हजारांशाचा जो फरक मी दोन साचे घेऊन सोडवणार होतो, तो मऊ शिसे आपोआप सोडवते.

साफसफाईची भीतीही फोल ठरली. ४४-४० च्या केसचे तोंड पातळ असते, बार होताच ते कक्षाच्या भिंतीला चिकटते आणि काजळी मागे येऊ देत नाही. चाळीस बारांनंतर टॉगलचे दुवे बोटाने पुसले तर बोट जेमतेम राखाडी झाले. ज्यांनी प्रतिकृती ४५ कोल्टमध्ये घेतली आहे त्यांचा अनुभव वेगळा असेल, कारण त्या केसच्या भिंती सरळ आणि जाड असतात. विंचेस्टरने मूळ त्र्याहत्तर त्या काडतुसासाठी केलीही नव्हती. नळी गरम पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावून वीस मिनिटांत काम आटोपले.

साच्याची मागणी मी रद्द केली आहे. येत्या शनिवारी वीसास एकचे मिश्रण पुन्हा ओतायचे आहे आणि दोनशे काडतुसे एकाच बैठकीत भरायची आहेत. त्यांतील प्रत्येक दहावे भरण्यापूर्वी मोजून, मॅगझीनमध्ये सर्वांत पुढे ठेवून, नऊ बारांनंतर न झाडता बाहेर काढून पुन्हा मोजेन. ज्या तिघांनी हीच तक्रार कळवली होती त्यांनीही आपल्या शेवटच्या काडतुसाचे असेच माप घ्यावे आणि दांडीचे मापही सोबत कळवावे. मग शंभर यार्डांवर दोन्ही रायफली एकाच पेटीतील काडतुसांनी आळीपाळीने चालवून पाहीन.