कॅरम रेटिंग शीट: खोटे फेव्हरिट कुठून येतात ते सापडलं

सापडलं एकदाचं! मागच्या वेळचा प्रश्न आठवत असेल: स्थानिक कॅरम खेळाडूंना एलो पद्धतीने (निकालागणिक गुण वाढवणारी-घटवणारी, बुद्धिबळातून आलेली) रेटिंग देणाऱ्या शीटमध्ये वरच्या गटातला कोणीतरी कायम ७०-८० गुणांनी पुढे दिसतो, मॉडेल त्याला ६० टक्के चान्स देतं आणि सामने मात्र निम्मे-निम्मे सुटतात. गोम निघाली के मध्ये, म्हणजे एका निकालाने रेटिंग किती हलायचं ते ठरवणाऱ्या आकड्यात.

खात्री करायची तर १६ काल्पनिक खेळाडू घ्या, सगळ्यांना १५०० द्या, प्रत्येक निकाल निव्वळ नाणेफेकीने लावा आणि के ३२ ठेवा. हजारेक सामन्यांनंतर शीटमध्ये झकास क्रमवारी तयार होते, आणि ती शंभर टक्के बोगस असते. गणितही तेच म्हणतं. तुल्यबळ जोडीतल्या रेटिंग-फरकाचं विचरण (फैलावाचं माप; त्याचं वर्गमूळ म्हणजे साधारण दिसणारा फरक) म्हणजे के गुणिले १७४ (४०० भागिले १० चा नैसर्गिक लॉग). के ३२ ला वर्गमूळ येतं ७५, आणि ७५ गुणांचा फरक एलोच्या सूत्रात म्हणजे ६०.६ टक्के. अशा जोडीवर ब्रायर स्कोअर (अंदाजातल्या चुकीचं माप, कमी तितका चांगला) ०.२६१ पडतो. डोळे मिटून ५०-५० म्हणणाऱ्याचा ०.२५०. म्हणजे एवढा खटाटोप करून नाण्याकडून हार.

के १० केला की फरक ४२ वर येतो, अंदाज ५६ टक्क्यांवर. हे आकडे सिम्युलेशनशी जुळले तेव्हा फार बरं वाटलं. (सिम्युलेशन पायथनमध्येच करा, सीड (तेच यादृच्छिक आकडे पुन्हा मिळवून देणारा सुरुवातीचा आकडा) लिहून ठेवा. गूगल शीट्समधलं रँड हे यादृच्छिक आकड्यांचं फंक्शन कुठलाही सेल बदलला की सगळं नव्याने फेकतं, पडताळणीला निरुपयोगी.)

फुकट काहीच नाही म्हणा. १०० गुणांनी सरस असलेला नवा खेळाडू १५०० वर आला, तर त्यातलं ६३ टक्के अंतर कापायला के ३२ ला साधारण २२ सामने लागतात, के १० ला ७०. स्थानिक स्पर्धांत ७० सामने म्हणजे वर्षं जातील. फिडे बुद्धिबळात नवख्यांना पहिल्या ३० डावांपर्यंत के ४० देते, मग २०, आणि २४०० गाठल्यावर १०. त्याच धर्तीवर इथे पहिल्या ३० सामन्यांना ३२, पुढे १० असं ठरत होतं. ग्लिको (रेटिंगसोबत त्याची अनिश्चितताही मोजणारी पद्धत) त्यानंतर.

पण हे लिहिता लिहिताच दुसरी वाट दिसली. सामन्याचा निकाल म्हणजे एकच बिट. सामन्यातला प्रत्येक गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा (बोर्ड म्हणजे सोंगट्या मांडण्यापासून संपेपर्यंतचा एक डाव), त्यामुळे बोर्डनिहाय नोंद घेतली तर माहिती कितीतरी पट वाढते. अडचण ब्रेकची, म्हणजे बोर्डच्या पहिल्या फटक्याची. तो आलटून पालटून मिळतो, पण गेम पाचव्या किंवा सातव्या बोर्डला संपला तर सुरुवात करणाऱ्याकडे एक ब्रेक जास्त जातो. तुल्यबळ जोडीत तेवढ्यानेही पारडं झुकू शकतं. म्हणून ब्रॅडली-टेरीमध्ये (दोघांच्या ताकदीवरून जिंकण्याची शक्यता काढणारं मॉडेल) ब्रेकसाठी वेगळा गुणांक टाकायचा, जसा इतर खेळांत घरच्या मैदानासाठी टाकतात. ग्लिको आता मागे.

नवी मुंबईतल्या वाशी-ऐरोलीचे खेळाडू ठाण्यातल्यांशी फार कमी भिडतात, त्यामुळे दोन्ही गटांची रेटिंग सध्या एकमेकांशी ताडून बघू नका.

गुणपत्रिकेचा फोटो पाठवताना पहिला ब्रेक कोणाचा आणि प्रत्येक बोर्डचे गुण किती, हे दोन्ही दिसू द्या. नुसतं २-१ आता चालणार नाही.